दिवसा चड्डी ओली होते तेव्हा: कारण शोधण्यापासून सवय बसेपर्यंत

शू-शीची सवय लागून वर्ष झालं, डायपर कधीच सुटला, आणि तरीही दिवसातून एकदा-दोनदा चड्डी ओली. अशा वेळी घरात बहुतेकदा दोनच निदानं होतात: मूल आळशी झालंय, नाहीतर मुद्दाम करतंय. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे उपाय लांबतो. दिवसा ओलं होणाऱ्या बहुतेक मुलांमध्ये तीन गोष्टींपैकी एक तरी सापडतेच: पोट साफ नसणं, शू दाबून धरण्याची सवय, किंवा घाईत अर्धवट शू करून उठणं. या तिन्हींवर घरी काम करता येतं. फक्त क्रम पाळावा लागतो: आधी आजार नाही ना हे पाहायचं, मग पोट, मग पाणी आणि घड्याळ.

आत नेमकं काय घडतं

मूत्राशय भरत आलं की मेंदूला सूचना जाते. खेळात रंगलेलं मूल ती सूचना ऐकतं, पण उठत नाही. मांड्या आवळून लघवीचं दार बंद करतं. सूचना थोड्या वेळाने विरते आणि मुलाला वाटतं, गेली शू. पुढची सूचना येते तेव्हा मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं आणि टॉयलेटपर्यंत पोहोचायला वेळ उरलेला नसतो. म्हणून ‘मला कळलंच नाही’ हे मुलाचं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं.

हे महिनोन्‌महिने चाललं की आवळण्याची सवय शू करतानाही सुटत नाही. धार तुटक येते, थोडी लघवी आत राहते. राहिलेल्या लघवीत जंतू वाढले की संसर्ग होतो, संसर्गामुळे घाई वाढते, घाईमुळे आणखी आवळणं. शिवाय मूत्राशयाच्या अगदी मागे गुदाशय असतं. तिथे घट्ट मळ साचला की तो मूत्राशयाला दाबतो: जागा कमी होते, अवेळी आकुंचन येतं आणि शू पूर्ण बाहेर पडत नाही.

दाबून धरणारं मूल ओळखायला शिका. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतं, पायांची अढी घालून उभं राहतं, हात चड्डीपाशी नेतं. एक खूण हमखास नजरेतून सुटते: मूल खेळता खेळता अचानक खाली बसतं, एक टाच शूच्या जागेवर दाबतं, अर्धा मिनिट नजर स्थिर ठेवून गप्प राहतं आणि मग उठून खेळायला लागतं. बुटाची पट्टी नीट करतंय असं वाटतं, पण तेव्हा ते येणारी शू टाचेने रोखत असतं.

वयाचा हिशेब

तीन-चार वर्षांच्या मुलाचं अधूनमधून ओलं होणं वाढीचाच भाग आहे. त्याला आठवण करून देणं पुरतं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही वारंवार होत असेल तर पुढचे उपाय नेटाने करावेत. सहा महिने किंवा जास्त काळ पूर्ण कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं व्हायला लागलं, तर वय कोणतंही असो, कारण शोधायलाच हवं. नवं भावंड, घर बदलणं, शाळा बदलणं, घरातली भांडणं यांनीही हे होतं. पण ताणावर बोट ठेवून मोकळं होण्याआधी लघवी तपासून घ्या.

डॉक्टरांकडे आधी जायचं ते कधी

साधी लघवी तपासणी प्रत्येक मुलाची करून घ्यावी. ती स्वस्त, वेदनारहित आहे आणि संसर्ग व साखर दोन्ही सांगते. खालीलपैकी काही दिसलं तर मात्र घरचे उपाय करत बसू नका:

- शू करताना जळजळ, ताप, लघवीत रक्त, किंवा कंबरेच्या बाजूला दुखणं.
- खूप तहान, भरपूर लघवी, वजन उतरणं, थकवा. हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दाखवा. त्यात उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर थेट तातडीच्या विभागात न्या.
- धार अगदी बारीक, थेंबथेंब, किंवा शू करायला कुंथावं लागणं. मुलग्यांमध्ये याकडे विशेष लक्ष द्या.
- कधीच कोरडं नसणं. मुलगी वेळेवर शू करते, तरी चड्डी दिवसभर सतत ओलसरच, तर मूत्रवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागी उघडत असण्याची शक्यता तपासावी लागते.
- चाल बदलणं, पायात अशक्तपणा, पाठदुखी. कंबरेखाली माकडहाडापाशी खळगा, केसांचा झुपका किंवा गाठ. यात मज्जातंतूंचा प्रश्न असू शकतो.
- ओलं होण्यासोबत एखाद्या व्यक्तीची किंवा जागेची अचानक भीती, शूच्या जागी दुखापत, वागण्यात मोठा बदल. मुलाचं शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका आणि लगेच मदत घ्या.

गरज वाटली तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. तिच्यात शू करण्याआधी आणि नंतर मूत्राशय पाहतात, म्हणजे आत किती लघवी राहते ते कळतं. त्यात सुई नाही, दुखत नाही. मुलाला तसं आधीच सांगून न्या.

दोन दिवस मोजा, आठवडाभर नोंदवा

अंदाजावर उपाय करू नका. सुट्टीचे दोन दिवस निवडा. मिलिलिटरच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं माप फक्त यासाठी वेगळं ठेवा. मूल जितक्यांदा शू करेल तितक्यांदा वेळ आणि माप लिहा, सोबत किती प्यायलं तेही. ओलेपणा आणि शी यांची नोंद मात्र पूर्ण आठवडाभर करा. एखाद्या सहा वर्षांच्या मुलाचं पान असं दिसेल:

सकाळी ७:०० – शू २२० मिली
७:३० – दूध १५० मिली
१२:४५ – नाचत होतं, ‘नाही आली’ म्हणालं
१:१० – चड्डी आणि पॅन्ट दोन्ही ओली
१:१५ – शू २६० मिली
संध्या. ६:३० – शू ३१० मिली
शी नाही (दुसरा दिवस)

आता हे वाचायचं कसं? वय अधिक एक, गुणिले ३०, इतक्या मिलिलिटरला मूत्राशय भरल्याची अपेक्षा असते. हे सूत्र साधारण ४ ते १२ वर्षांसाठी वापरतात. सहा वर्षांसाठी उत्तर २१० मिली. सकाळची पहिली शू या तुलनेत धरू नका, ती रात्रभराची असते. दिवसात ४ ते ७ वेळा शू होणं ठीक. ३ किंवा कमी म्हणजे दाबून धरणं, ८ किंवा जास्त म्हणजे वारंवारता वाढलेली.

वरच्या पानावर सगळं लिहिलेलंच आहे. सकाळी सातनंतर सहा तास शू नाही, प्रत्येक माप अपेक्षेपेक्षा मोठं, दूध सोडून सकाळभर काही प्यायलेलं नाही आणि दोन दिवस शी नाही. या मुलाला रागावून काहीही बदलणार नाही. घड्याळ आणि पोट यांनी बदलेल.

ओलेपणाचा नमुना

किती ओलं आणि केव्हा ओलं, यावरून कारण बरंच उलगडतं.

*टॉयलेटकडे धावताना ओलं होतं, दिवसात आठ-दहा वेळा जातं, माप दरवेळी ६०-७० मिली.* मूत्राशय अवेळी आकुंचन पावतंय. बद्धकोष्ठता आणि संसर्ग आधी तपासा.

*दिवसात दोन-तीनदाच शू, एकदम भरपूर ओलं.* दाबून धरणारं मूल.

*मुलगी शू करून आली आणि पाच-दहा मिनिटांत चड्डीवर नाण्याएवढा डाग.* मांड्या जुळवून बसल्याने थोडी लघवी योनीमार्गात शिरते आणि उभं राहिल्यावर बाहेर येते. हा आजार नाही. बसण्याची पद्धत बदलली की सहसा सुटतो. कधीकधी लघवीच्या जागेजवळची त्वचा चिकटलेली असते, म्हणून फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

*फक्त खदाखदा हसताना, आणि तेव्हा पूर्ण शू होते.* हा वेगळा आणि तुलनेने दुर्मीळ प्रकार आहे, मुलींमध्ये जास्त दिसतो. मूल त्यावेळी खरोखर थांबवू शकत नाही. खेळायला जाण्याआधी मूत्राशय रिकामं ठेवणं हा पहिला उपाय.

*दर दहा-पंधरा मिनिटांनी चमचाभर शू, पण चड्डी कोरडी, रात्री शांत झोप.* लघवी तपासणी निर्दोष असेल तर हे सहसा काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप थांबतं. इथे टोकणं जितकं कमी तितकं बरं.

पहिलं काम पोटाचं

हा भाग लोक सर्वात जास्त टाळतात, कारण ‘आमच्याकडे रोज शी होते’. रोज शी होणाऱ्या मुलालाही बद्धकोष्ठता असू शकते. रोज थोडी बाहेर येते आणि मागे साठा तसाच राहतो. खुणा अशा: शी खड्यांसारखी किंवा फार जाड, कमोड तुंबेल इतकी मोठी, करताना दुखणं, चड्डीला शीचे डाग, पोट फुगलेलं, भूक कमी. चड्डीवरचे डाग ‘नीट पुसत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. साठलेल्या घट्ट मळाच्या कडेने पातळ शी झिरपते, तिचे ते डाग असू शकतात.

हवी ती शी मऊ, लांबट, गुळगुळीत, न कुंथता होणारी. तिथपर्यंत पोहोचायला:

जेवणानंतर २० ते ३० मिनिटांच्या आत मुलाला टॉयलेटवर पाच मिनिटं बसवा, दिवसातून दोनदा. पोटात अन्न गेल्यावर आतड्याची हालचाल वाढते, तिचा हा फायदा. मोबाइल देऊ नका. मूल बसून राहतं, पण लक्ष पोटाकडे नसतं. शी झाली नाही तरी पाच मिनिटांनी उठू द्या.

फळं, भाज्या, डाळी, कोंड्यासकट धान्य वाढवा आणि सोबत पाणीही वाढवा. पाण्याविना नुसता चोथा वाढवला तर शी आणखी घट्ट होऊ शकते. दूध पोट भरून इतर जेवण मारत असेल तर ते आवरा.

साठा जुना असेल तर आहाराने तो निघत नाही. डॉक्टर पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोजसारखं शी मऊ करणारं औषध देतात. आधी साठा बाहेर काढायचा आणि मग शी मऊ ठेवायची, असं ते चालतं, आणि ते आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजायचं. पालकांकडून इथे एकच चूक वारंवार होते: आठवडाभर शी नीट झाली की औषध बंद. ताणलेलं गुदाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो. मध्येच थांबवलं की महिन्याभरात सगळं मूळ पदावर. डोस कमी करायचा तोही डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. एनिमा किंवा जुलाब आपल्या मनाने देऊ नका.

पाणी कमी करू नका

ओलं होतं म्हणून पाणी तोडणं हा सर्वात स्वाभाविक आणि सर्वात उलटा पडणारा उपाय. लघवी दाट होते आणि मूत्राशयाला टोचते, मूत्राशयाला भरण्याची सवय राहत नाही, आणि शी घट्ट होते. ४ ते ८ वर्षांच्या मुलाला दिवसभरात सगळी पेयं मिळून साधारण १ ते १.४ लिटर लागतं. उन्हाळ्यात आणि खेळाच्या दिवशी जास्त.

हे सहा-सात भागांत वाटा, दर वेळी १५० ते २०० मिली. दिवसभर बाटलीतून एकेक घोट घेत राहण्यापेक्षा एका वेळी एक पेला बरा, कारण मूत्राशय भरल्याची स्पष्ट सूचना मिळते. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त संपवा. चहा, कॉफी, कोला नकोत. कॅफिनने घाई वाढते.

घड्याळ: मुलाने नव्हे, वेळेने उठवायचं

सगळ्या उपायांतला हा कणा आहे. सूचना ओळखण्याची सवयच बिघडलेली असताना ‘आली की सांग’ म्हणणं निरुपयोगी. काही आठवडे शूची वेळ घड्याळाने ठरवायची.

दर दोन ते अडीच तासांनी, दिवसाला सहा-सात वेळा. वेळा दिनक्रमाला बांधा म्हणजे लक्षात राहतात: उठल्यावर, शाळेला निघताना, पहिल्या सुट्टीत, जेवणाआधी, घरी आल्यावर, खेळायला जाण्याआधी, झोपताना. आधी नोंदवही पाहा. मूल सहसा अडीच तासांनी ओलं होत असेल तर पहिली वेळ दोन तासांवर ठेवा. ओलं होण्याच्या आधी पोहोचणं हाच हेतू.

‘शू आलीय का?’ असं विचारू नका. उत्तर नेहमी ‘नाही’ येतं. ‘चल, शूची वेळ झाली’ म्हणा आणि उठा. खेळ अर्धा राहतो म्हणून मूल नकार देतं, तेव्हा पाच मिनिटं आधी कल्पना द्या आणि खेळ आहे तसा राहील याची हमी द्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला मनगटावर थरथरणारं घड्याळ दिलं की टोकणं संपतं आणि काम त्याच्या हातात जातं.

दोन टोकं टाळा. दर अर्ध्या तासाला ‘जाऊन ये’ म्हटलं तर मूत्राशयाला भरायला मिळतच नाही. आणि सूचना आली असेल तर घड्याळाची वाट पाहायला लावू नका.

बसायचं कसं

घाईत, तरंगत, चड्डी गुडघ्यावर अडकवून केलेली शू पूर्ण होत नाही. कमोड असेल तर मोठ्यांच्या सीटवर लहान सीट बसवा, म्हणजे मूल आत घसरायच्या भीतीने अंग आवळत नाही. पायांखाली पक्कं स्टूल द्या. दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले पाहिजेत. लटकते पाय ओटीपोटाखालचे स्नायू सैल होऊ देत नाहीत. उकिडवं बसायचं भांडं असेल तर टाचा जमिनीला टेकलेल्या हव्यात.

चड्डी घोट्यापर्यंत खाली, मांड्या फाकलेल्या, अंग थोडं पुढे, हात मांड्यांवर. मुलीला मांड्या जुळवायची सवय असेल तर काही दिवस कमोडवर उलटं, टाकीकडे तोंड करून बसवा. मांड्या आपोआप फाकतात. मुलग्यांनी पॅन्ट पूर्ण खाली करावी, कमरेचं इलॅस्टिक मूत्रमार्गाला दाबतं. घाईने अर्धवट उरकणाऱ्या मुलग्यालाही काही दिवस बसून शू करू द्या.

कुंथायचं नाही. हळू श्वास सोडत शू येऊ द्यायची. हळू शिट्टी वाजवणं किंवा गुणगुणणं चालतं, कारण तेव्हा श्वास रोखून कुंथता येत नाही. धार थांबल्यावर बसल्या जागी वीसपर्यंत मोजायचं, एकदा पुढे-मागे झुकायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. दुसऱ्यांदा चार थेंब आले तरी तेवढी लघवी आत राहिली असती. मुलींनी पुढून मागे पुसायचं.

शू मध्येच थांबवून पुन्हा सोडायचा व्यायाम या मुलांना शिकवू नका. आवळणं त्यांना आधीच जास्त येतं. शिकायचं आहे ते सैल सोडणं.

शाळा

घरी कोरडं आणि शाळेत ओलं, असं असेल तर आधी शाळेच्या टॉयलेटबद्दल विचारा. कडी लागत नाही, वास येतो, अंधार आहे, मोठी मुलं दार वाजवतात, बाई मध्ये सोडत नाहीत: कारण बहुतेक वेळा असं साधं असतं. वर्गशिक्षिकेला भेटा आणि तीन गोष्टी मागा. ठरलेल्या वेळी मूल न विचारता जाईल. मधल्या वेळी हात वर न करता एखादी खूण, जसं बाकावर ठराविक कार्ड ठेवणं, चालेल. पाण्याची बाटली बाकावर राहील. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली तर काम सोपं होतं.

दप्तरात अपारदर्शक पिशवी ठेवा: दोन चड्ड्या, एक पॅन्ट, मोजे, ओले कपडे ठेवायला बंद होणारी पिशवी, छोटा रुमाल. गडद रंगाचे, पटकन उतरणारे कपडे द्या. घट्ट बटणं आणि पट्टे या काळात नकोत.

ओलं झाल्यावर

‘चड्डी ओली झाली. चल, बदलू आणि शू पूर्ण करून घेऊ.’ एवढंच. वयाप्रमाणे मूल स्वतः कपडे बदलेल, ओली चड्डी बादलीत टाकेल. ही शिक्षा म्हणून नाही, दात घासण्यासारखं स्वतःचं काम म्हणून. पाहुण्यांसमोर विषय नको, भावंडांशी तुलना नको. लाज वाटली की मूल ओली चड्डी लपवायला लागतं, आणि मग तुमची नोंदवही खोटी ठरते.

त्वचा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. ओलसर राहिलं की लाली येते, ती चुरचुरते आणि मूल शू करायला आणखी घाबरतं. सुती, सैल चड्डी. शूच्या जागी सुवासिक साबण किंवा फेसाचं स्नान नको. लाली असेल तर जस्ताचं मलम पातळ लावा.

बक्षीस कशाचं

कोरडं राहिल्याचं बक्षीस देऊ नका, कारण ते अजून मुलाच्या हातात नाही. हातात आहे ते वेळेवर जाणं, नीट बसणं, पाणी संपवणं. तक्त्यावर तारा त्याचाच. आणि मिळालेला तारा ओलं झाल्यावर कधीही काढून घेऊ नका.

किती दिवस, आणि मग

दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. पोट, पाणी, घड्याळ आणि बसणं हे चारही एकत्र, निदान तीन महिने चालवा. पहिल्यांदा डाग लहान होतात, मग दिवस कमी होतात, मग आठवडे कोरडे जातात. रात्रीचं ओलं होणंही असेल तर ते सध्या बाजूला ठेवा. आधी दिवस नीट होऊ द्या.

तीन महिने मनापासून करूनही फरक नसेल तर नोंदवही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे, गरज पडल्यास बालमूत्ररोगतज्ज्ञांकडे जा. मूत्राशयाचं अवेळी आकुंचन कमी करणारी औषधं आहेत, पण त्यांनी बद्धकोष्ठता वाढू शकते, म्हणून पोट आधी नीट असावं लागतं. स्नायू सैल सोडायला शिकवणारं प्रशिक्षणही मिळतं. मुलाचं लक्ष सतत विचलित होत असेल, शाळेतही तीच तक्रार असेल, तर अतिचंचलतेबद्दलही विचारा. या मुलांमध्ये दिवसा ओलं होणं जास्त आढळतं आणि दोन्हींवर सोबत काम करावं लागतं.

महिनाभर कोरडं गेल्यावर आठवणी एकदम बंद करू नका. आधी घरातल्या दुपारच्या वेळेची आठवण सोडा, दोन आठवडे पाहा, मग पुढची. प्रवास, परीक्षा, ताप, नवं वेळापत्रक यांत पुन्हा एखाददुसरं ओलं होईल. तेव्हा आधी गेल्या चार दिवसांची शी कशी होती ते पाहा, जळजळ आहे का विचारा, आणि दोन-अडीच तासांचं घड्याळ पुन्हा आठवडाभर लावा.